रस्त्याखालची माती आणि तिचा खर्च



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि इतरांनी ऐकावे असा प्रघात पडला आहे. आमचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढे जे काही शिकलो ते हजेरीपटावर आणि मोजमापाच्या पुस्तकावर. चालकांनी आम्हांला ‘रस्ते’ हा विषय दिला, तेव्हा आम्ही त्यांना म्हटले की, रस्त्यावर बोलणारे गावात पुष्कळ आहेत, प्रत्येक चहाच्या दुकानात एक तरी आहे. आम्हांला रस्त्याखाली बोलू द्या. चालक हसले आणि त्यांनी परवानगी दिली.

आपण सर्वांनी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. गल्लीत फलक लागतो. कामाचे नाव, रक्कम, मुदत. नारळ फुटतो. जेसीबी येतो, जुना रस्ता उकरतो, आणि दहाबारा दिवसांनी काम थांबते. घरांना दारातून उतरायला फळ्या टाकाव्या लागतात. विचारावे तर उत्तर मिळते, ‘खाली माती खराब लागली.’ मग महिना जातो, कधी पावसाळा जातो. कंत्राटदार म्हणतो, हा खर्च माझ्या दरात नाही. इंजिनिअर म्हणतो, हा बाब म्हणून अंदाजपत्रकात नाही. सभासद म्हणतात, ठरलेल्या पैशांत काम करण्याचे त्याने कबूल केले आहे, त्याचे तो पाहील. तिघेही आपापल्या परीने खरे बोलतात. आणि तो खर्च? तो कुठे नाहीसा होत नाही. तो कोणावर तरी जाऊन बसतो. कोणावर बसतो, एवढेच आज आम्हांला सांगायचे आहे.

प्रथम मातीविषयी. आपला तालुका पंचगंगा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधला. आळत्याच्या डोंगराच्या बाजूला मुरमाड, तांबूस जमीन लागते. नदीकडे उतरत जावे तशी काळी, खोल आणि कसदार. ऊस जिच्यावर पोसतो तीच ही माती. शेतकऱ्याला जी लक्ष्मी, ती रस्त्याला वैरीण. काळ्या थराच्या या दगडापासून झालेली ही माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. सध्या चैत्र-वैशाख आहे. उद्या सकाळी कोणत्याही काळ्या रानात जाऊन पाहा, भेगेत मनगटापर्यंत हात जाईल. तीच जागा आषाढात पाहा, पाय उचलताना चप्पल मागे राहील. जी जमीन वर्षातून एकदा वर येते आणि एकदा खाली बसते, तिच्यावर टाकलेले डांबर किंवा काँक्रीट तडकणारच.

जमीन किती भार सोसेल हे मोजण्याची एक रीत कॅलिफोर्नियात १९३० च्या सुमारास निघाली. तिला आपले अभियंते सी. बी. आर. म्हणतात. एक लोखंडी दट्ट्या मातीत दाबायचा आणि चांगल्या फोडलेल्या खडीचा विरोध शंभर धरून मातीचा किती भरतो ते पाहायचे. चार दिवस पाण्यात भिजवलेल्या काळ्या मातीचा आकडा पुष्कळदा २ ते ४ च्या घरात येतो. शंभरात दोन! म्हणून इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांत, अशा मातीवर रस्ता करायचा तर मध्ये न फुगणाऱ्या मातीचा ६० सेंटिमीटर ते १ मीटर जाडीचा थर घालावा, पाणी निघून जाण्याची सोय करावी, किंवा चुना मिसळून माती सुधारावी, असे सांगितलेले आहे. हे सारे छापील आहे, गुप्त नाही.

दुसरी गोष्ट गावठाणाची. आपल्या जुन्या माणसांनी शेताला काळी आणि वस्तीला पांढरी म्हटले. पांढरी म्हणजे काय? शेकडो वर्षांच्या पडलेल्या भिंतींची माती, चुलीची राख, उकिरडे. गल्ली खणावी तर कुठे बुजवलेला आड लागतो, कुठे धान्याचे पेव लागते, कुठे दगडी गटार लागते. एका हाताच्या अंतरावर घट्ट आणि भुसभुशीत अशा दोन जाती. कोल्हापुरास तर याची मोठीच गंमत आहे. भाजीसाठी आपण कपिलतीर्थ मंडईत जातो, सभेसाठी गांधी मैदानावर जातो, फुटबॉल पाहायला शाहू स्टेडियमवर जातो. तिन्ही ठिकाणी पूर्वी पाणी होते. कपिलतीर्थ, वरुणतीर्थ आणि रावणेश्वराचे तळे. तळी बुजली, पण नावे राहिली. अशा ठिकाणी खणल्यावर गाळ लागला आणि कोणी म्हणाले की ‘अनपेक्षित लागला’, तर त्याला मंडईची पाटी वाचून दाखवावी. अनपेक्षित या शब्दाविषयी आमचा एक जुना राग आहे. पुष्कळ वेळा त्याचा अर्थ ‘कोणी विचारले नाही’ एवढाच असतो.

आता थोडा हिशेब करू. फळा नाही, तेव्हा मनात धरा. गल्ली ३०० मीटर लांब, ६ मीटर रुंद. अंदाजपत्रकात धरले होते त्यापेक्षा ६० सेंटिमीटर अधिक खोल जावे लागले. ३०० गुणिले ६ गुणिले ०.६, म्हणजे १,०८० घनमीटर. आपल्या भाषेत सुमारे ३८० ब्रास. ३८० ब्रास माती बाहेर काढायची, आणि काढलेली माती सुटी होऊन आणखी फुगते, तेवढी वाहून न्यायची, टाकायला जागा शोधायची, आणि तेवढाच मुरूम आणून, पाणी मारून, रोलरने थराथराने दाबायचा. खर्च दुप्पट नव्हे, तो चार बाजूंनी वाढतो.

आणि हे आधी कळायला काय लागले असते? दर ५० मीटरवर एक मीटर लांब, एक मीटर रुंद, दीड मीटर खोल असा खड्डा. असे सहा खड्डे म्हणजे ९ घनमीटर, तीन ब्रासांहून थोडे अधिक. चार गड्यांचे दोन-तीन दिवसांचे काम. तीन ब्रास खणून ३८० ब्रासांची बातमी मिळते. तरी आमच्या इतक्या वर्षांच्या फिरतीत, गल्लीचा रस्ता निविदेला काढण्यापूर्वी असे खड्डे घेतलेले आम्ही फार थोड्या ठिकाणी पाहिले. मागच्या कामाचे अंदाजपत्रक पुढे ठेवून त्यात लांबी-रुंदी बदलायची, ही सोपी वाट पडून गेली आहे. मंजुरी मिळवायची असते, मार्च जवळ आलेला असतो, आणि खड्डा घेतला तर आकडा वाढेल व मंजुरी अडेल ही भीतीही असते. म्हणजे माती खराब आहे हे कळू नये अशीच सोय आपण करतो!

तरीही खड्डे घेऊनसुद्धा काही राहून जाते. दोन खड्ड्यांच्या मधला आड कोणालाच दिसत नाही. तेव्हा जे खरोखर कळले नव्हते त्याचे ओझे कोणी उचलायचे, हा वाद जगभर झालेला आहे. इंग्लंडात यॉर्क शहराच्या मैलापाण्याच्या कामाचा निकाल १८९२ साली लागला. कंत्राटदाराने भोके पाडून जमीन पाहिली नव्हती. नगरपालिकेनेही पाहिली नव्हती. माती वाईट निघाली, जादा पैसे मिळेनात, त्याने काम सोडले आणि तो दावा हरला. या जमिनीत हा माणूस बुडणार असे नगरपालिकेला आधीच सांगण्यात आले होते. पण ती गप्प राहिली, आणि कायद्याने तसे राहता येत होते. उलट अमेरिकेत केंटकीमधील ग्रीन नदीवरच्या एका धरणाच्या दुरुस्तीत सरकारी कागदावर छापले होते की, धरणामागे फुटका दगड, लाकडाचा भुसा आणि गाळ आहे. खणल्यावर खाली दगडांनी भरलेले ओंडक्यांचे भक्कम सांगाडे निघाले. सरकार म्हणाले, जागा पाहून घ्या असेही आम्ही लिहिले होते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९१४ साली ठरवले की, जी गोष्ट तुम्ही निश्चित म्हणून लिहून दिली तिच्यावर विसंबण्याचा त्या माणसाला हक्क होता, भरपाई द्या. पुढे १९५७ साली अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघाने कराराचा जो नमुना काढला, त्यात अनुभवी कंत्राटदारालाही आधी कळू शकली नसती अशी जमीन लागली तर जादा खर्च मालकाने द्यावा, असे कलमच आले.

आपल्याकडेही कागद अगदी कोरे नाहीत. महाराष्ट्राच्या बांधकाम खात्यात ब-१ म्हणजे टक्केवारीची, ब-२ म्हणजे बाबवार दरांची, अशी निविदांची नावे आपण ऐकली असतील. या दोन्हींत काम मोजून पैसे देण्याचे तत्त्व आहे. परिमाण वाढले, नवी बाब निघाली, तर ती मंजूर करून घेण्याची रीत आहे. रीत आहे, पण ती लांब आहे. सुधारित अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, सर्वसाधारण सभा. तोवर उकरलेल्या गल्लीत माणसे फळ्यांवरून चालतात आणि रोजावर जगणारी टोळी झाडाखाली बसून राहते.

येथे आम्ही आमचीच एक चूक सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. गाव याच जिल्ह्यातले, आणि गोष्टीला बरीच वर्षे झाली. गल्ली अरुंद होती, पाण्याचे नळ उथळ होते, म्हणून जेसीबी आत जाईना. विजापूरकडून आलेली वीस-बावीस माणसांची टोळी खणत होती. दर ब्रासावर ठरला होता आणि तो मऊ मातीचा. दोन फुटांखाली काळा गाळ लागला. खोऱ्याला चिकटलेली माती सुटेना. प्रत्येक पाटी ओतायच्या ऐवजी खरवडावी लागे. एक बाई आम्हांला म्हणाली, “दादा, पाटी भराया जेवढा येळ, तेवढाच रिकामी कराया. अर्धा बरास बी व्हत न्हाई दिसाला.” म्हणजे दर तोच राहिला आणि मजुरी निम्मी झाली. त्यातच मुकादमाची उचल फिटायची होती. वर खंदकाच्या भिंती भेगाळू लागल्या, आणि टेकू-फळ्या कोणी द्यायच्या हेही ठरलेले नव्हते.

आम्ही काम थांबवले. भाषण केले, घोषणा दिल्या, कचेरीवर टोळी नेली. तीन आठवडे गेले. वळवाचा मोठा पाऊस झाला, खंदक भरला, लोक संतापले. आणि एका रात्री कंत्राटदाराने बाहेरची यंत्रे आणून तो सारा खंदक दगड-विटांच्या राड्याने बुजवून वर हातभर मुरूम पसरला. सकाळी गल्ली सपाट. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि आम्हीही, खोटे कशाला सांगा, थोडा टाकला. मग बैठक बसली. किती खोल खणले? मऊ माती किती, गाळ किती? कागद काहीच नव्हता. आम्ही मजुरीसाठी भांडलो, पण मापासाठी भांडलो नाही. माती झाकली गेली होती. साहेब म्हणाले, मी कशावर सही करू? त्यांचेही चूक म्हणता येईना. टोळी ठरल्यापेक्षा पुष्कळ कमी पैसे घेऊन, उचल डोक्यावर ठेवून परत गेली. रस्ता दुसऱ्या पावसाळ्यात मध्यभागी बसला. त्या बाईचा चेहरा आम्हांला अजून आठवतो.

तेव्हा खर्च कोणावर बसला? निम्मा टोळीच्या पोटावर आणि निम्मा रस्त्याच्या जाडीवर. आम्ही पाहिलेल्या बहुतेक कामांत हेच झाले. निविदा मिळवण्यासाठी अंदाजपत्रकापेक्षा वीस-पंचवीस टक्के कमी दर भरलेला असतो. नफ्याची जागा आधीच संपलेली असते. मग खालून गाळ निघाला तर तो कंत्राटदार घरचे दागिने विकून मुरूम टाकील, असे समजणारा मनुष्य फार भोळा. तो जाडी कमी करील, मुरमाऐवजी राडा टाकील, मजुरी अडवील. ‘त्याने कबूल केले आहे’ हे वाक्य सभागृहात मोठे जोरकस वाटते. गल्लीत त्याचा अर्थ एवढाच होतो.

मातीच्या वर्गावर मजुरीचे भांडण हे आमच्या घरात पिढीजात आहे. आमचे वडील पूर्वेकडच्या दुष्काळी भागातले. १९७२ च्या दुष्काळात ते सरकारी कामावर माती उपशीत. मऊ मुरूम लिहिला की कठीण मुरूम लिहिला, यावर संध्याकाळी भाकरी किती ते ठरे. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, त्या कामांवरही मापाचे आणि मातीच्या जातीचे दर होते, आणि मोर्चे मुख्यतः मापाच्या टेपाभोवतीच निघत. वडील सांगत की, ओव्हरसियर पाय लावून पाहतो आणि आम्ही टिकाव लावून पाहतो, म्हणून दोघांना माती वेगळी दिसते. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती द्यावी, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात आले. पण मजुरी किती झाली हे सांगायला पुन्हा मापच लागते.

कोल्हापूरच्या टोलचा लढा आपणांस आठवत असेल. शहरातले सुमारे ५० किलोमीटरचे रस्ते, २२० कोटींचे काम, आणि त्यासाठी ३० वर्षे टोल. २०१३ च्या ऑक्टोबरात टोल सुरू झाला, आणि प्रा. एन. डी. पाटील व कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने चाललेल्या लढ्यानंतर २०१५ च्या डिसेंबरात तो रद्द झाल्याचे जाहीर झाले. त्या मोर्च्यांत आम्हीही चाललो. तो वाद मातीचा नव्हता, हे कबूल. पण त्यात एक गोष्ट शिकण्यासारखी होती. रस्ते झाल्यावर, झाकल्यावर, झालेल्या कामाचे मोल किती, हे ठरवण्यासाठी मागाहून फेरमूल्यांकन करावे लागले. ज्याचे माप लोकांच्या डोळ्यांदेखत झाले नाही, त्याची किंमत मागाहून कोणालाच पटत नाही, देणाऱ्यालाही नाही आणि घेणाऱ्यालाही नाही.

आमचे म्हणणे असे आहे. माती गावाची आहे. कंत्राटदाराने ती आणलेली नाही आणि मजुराने तर नाहीच. म्हणून तिचा खर्च गावाने द्यावा, पण मोजून द्यावा. निविदेपूर्वी खड्डे घ्यावेत आणि त्यांत काय निघाले ते कागदावर जोडावे. ‘खराब माती काढणे व मुरूम भरणे’ अशी बाब आरंभीच दरासह ठेवावी, म्हणजे पुढे दरावर घासाघीस नको. लागेल तेवढे माप, तेवढे पैसे. आणि अंदाजपत्रकात थोडी रक्कम त्यासाठी राखून ठेवावी.

यावर एक शहाणा आक्षेप आहे, आणि तो आम्ही टाळत नाही. गावाने पैसे देण्याचे कबूल केले की प्रत्येक गल्लीत माती खराबच निघेल! आम्ही असेही पाहिले आहे. कागदावर दीड मीटर खोल गेलेले काम प्रत्यक्षात गुडघाभर खणलेले. म्हणून झाकण्यापूर्वी माप घ्यावे, आणि ते तिघांनी मिळून घ्यावे. इंजिनिअर, कंत्राटदाराचा माणूस आणि खणणाऱ्या टोळीतले एक जण. गल्लीतले दोन रहिवासी उभे राहिले तर फारच चांगले. टेप खंदकात धरून फोटो काढावा. हल्ली तो प्रत्येकाच्या खिशात निघतो. खणणाऱ्याला बोलवा असे आम्ही केवळ संघटनेचा माणूस म्हणून म्हणत नाही. माती कुठे बदलली हे पहिल्याने त्याच्या हाताला कळते.

आणि पैसे नसले तर? गावाची तिजोरी काही अक्षय्य पात्र नाही. येथे आमचे मत पुष्कळांना आवडत नाही. पैसे पुरत नसतील तर रस्ता आखूड करा. पातळ करू नका. ३०० मीटर वाईट करण्यापेक्षा २०० मीटर चांगले करा. पातळ रस्ता दोन पावसाळ्यांत जातो आणि आखूड रस्ता निदान जिथपर्यंत आहे तिथपर्यंत राहतो. पण सभासदाला गल्लीच्या शेवटच्या घराचेही मत हवे असते, म्हणून तो पातळ रस्ता पसंत करतो.

पुढे काही वर्षांनी दुसऱ्या एका गावी तसाच प्रसंग आला, तेव्हा आम्ही घोषणा देण्याआधी टेप मागितला. काम थांबले त्याच दिवशी पंचनामा केला. दर दहा मीटरवर खोली घेतली, टोळीतल्या दोघांचे अंगठे घेतले, इंजिनिअरसाहेबांनी कुरकुरत का होईना सही केली. मुरूम पडण्याआधी टोळीला गाळाचा वेगळा दर मिळाला. जादा रक्कम मंजूर होईना, तेव्हा बैठकीत आम्हीच सुचवले की, दोन भाग रस्ता नीट करा आणि तिसरा ठेवा. तसे झाले. त्या तिसऱ्या भागातल्या लोकांनी आम्हांला जे ऐकवले ते या व्यासपीठावर सांगण्यासारखे नाही. शेवटच्या घरातल्या एका आजींनी दारात थांबवून विचारले, “आमच्याच दारातली माती एवढी वाईट हुती व्हय रं?” आम्ही म्हणालो, “आजी, वाईटच होती, म्हणून तर थांबलो.” त्यांनी त्या दिवशी आम्हांला चहा विचारला नाही. पुढच्या वर्षीच्या पैशांतून त्यांच्या दारापर्यंत काम झाले, तेव्हा विचारला.